स्वयंपाकघराची बाराखडी

पडद्यावर एक तरुणी स्वयंपाकघरात उभी आहे. मागे फ्रीज आणि शेगडी, पुढे टेबलावर भांडी. ती एप्रन अंगावर चढवते आणि कोरड्या आवाजात म्हणते, ‘एप्रन’. मग ‘बोल’, मग ‘चॉपर’. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने एकेक वस्तू उचलायची, तिचे नाव घ्यायचे, तिचा वापर दाखवायचा आणि ती खाली ठेवायची. सुमारे सहा मिनिटांच्या या कृष्णधवल व्हिडिओत काहीही शिजत नाही.

अमेरिकी कलावंत मार्था रॉस्लर यांची ही १९७५ सालची कृती, ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’, म्हणजे स्वयंपाकघराची चिन्हमीमांसा. सादरकर्त्या त्या स्वतःच. कॅमेरा एका जागी स्थिर. घरगुती कामाच्या मोबदल्याची मागणी त्या काळी जोर धरत होती. सिल्व्हिया फेडेरिची यांची ‘वेजेस अगेन्स्ट हाउसवर्क’ ही पुस्तिकाही त्याच वर्षीची.

या विडंबनाचे मूळ मात्र एक तप मागे जाते. फेब्रुवारी १९६३ मध्ये बोस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रावर ज्युलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच महिन्यात बेटी फ्रीडन यांचे ‘द फेमिनिन मिस्टीक’ प्रसिद्ध झाले. एकीकडे पाककलेचा प्रसन्न उत्सव, दुसरीकडे सुशिक्षित गृहिणीच्या घुसमटीची नोंद. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ हे सूत्र अमेरिकी उपनगरांतही तितकेच लागू होते. फक्त तिथे त्याला नव्या विद्युत उपकरणांची झळाळी होती.

रॉस्लर यांनी चाइल्ड यांच्या कार्यक्रमाचा साचा घेतला आणि त्यातले हसू काढून टाकले. बर्फ फोडण्याचा टोचा टेबलावर आदळतो. काटा हवेत भोसकला जातो. डावातला काल्पनिक रस्सा सरळ बाजूला भिरकावला जातो. शेवटच्या अक्षरांपाशी तर वस्तूच संपतात. हातात सुरी आणि काटा धरून ती आपल्या शरीरानेच अक्षरे काढते आणि ‘झेड’ला सुरीने हवेत त्या अक्षराची रेघ ओढते. मग हाताची घडी, आणि खांदे उडवणे.

चाइल्ड यांच्यावर यात थोडा अन्याय होतो, हे मान्य करावे लागेल. पडद्यावर चुका करून हसणारी, स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलेली ती स्त्री काही दबलेली गृहिणी नव्हती. पण रॉस्लर यांचा रोख व्यक्तीपेक्षा त्या साच्यावर आहे.

अनेकांनी या कृतीत केवळ संताप पाहिला. तो आहेच, अवजारांच्या रूढ अर्थाच्या जागी इथे राग आणि वैफल्य यांचा कोश उभा राहतो, हे रॉस्लर यांनाही मान्य. मात्र त्यांचा प्रश्न अधिक खोल होता. स्त्री भाषा बोलते, की भाषाच तिला बोलायला लावते? किसणी, सुरी, लाटणे यांची नावे घेता घेता ती स्वतःही त्याच यादीतले एक चिन्ह होऊन बसते. शीर्षकातला ‘सेमिऑटिक्स’ हा जड शब्द त्यासाठीच. आणि तो अशा स्वयंपाकघराला जोडण्यातला मिस्कीलपणाही दुर्लक्षू नये. प्रेक्षक हे पाहताना हसतात, ते रास्तच आहे.

चित्रकला-शिल्पकलेप्रमाणे व्हिडिओला पुरुष गुरूंची परंपरा नव्हती, आणि चित्रफितीची प्रत काढणे सोपे होते. म्हणूनच अशा कृती दालनांपुरत्या न राहता वर्गांतही पोहोचल्या. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ही कृती संग्रहात घेतली. बंडाचा असा पाठ्यक्रम होणे हे तिचे यश, की तिची धार बोथट होणे? रॉस्लर यांनी २००३ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ती पुन्हा मांडली, पण स्वतः सादर केली नाही. त्यांनी स्त्रियांची जाहीर निवडचाचणी ठेवली. तीच भांडी, तोच क्रम, तेच हावभाव. फक्त दर वेळी स्त्री वेगळी. एव्हाना मूळ कृतीला २८ वर्षे झाली होती. नंतर यूट्यूबवरही तिच्या नकला आणि विडंबने येत राहिली.