कल्याण जंक्शन, व्हाया टटवायलर

कल्याणला मुंबईकडे जाणाऱ्या मेलमध्ये चढा. खिडकी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दारात उभे राहा; आपल्याला सवय आहे. डोंबिवली न थांबता मागे पडते, दिवा जातं, डोंगर अंगावर येतो आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. डब्यातली पोरं रिवाजाप्रमाणे ओरडतात. सव्वा किलोमीटरहून जास्त काळोख. पलीकडे कळवा यायला हवं. येतं ते टटवायलर. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं एक आडगावचं स्टेशन, साल साधारण 1903. बोगदा खुला झाला 1916 साली, म्हणजे तो व्हायच्या आधीच तुम्ही त्यातून बाहेर आलात. असू द्या, वेळापत्रकातले याहून मोठे घोळ आपण रोज खपवून घेतो.

इथली गाडी नऊ तास लेट आहे. बाकावर तुमच्या शेजारी एक नीटनेटका कृष्णवर्णीय गृहस्थ पेंगतोय. हा विल्यम ख्रिस्तोफर हँडी, बँडमास्तर. पलीकडे फाटक्या कपड्यांतला एक माणूस येऊन बसतो. बुटांतून त्याची बोटं बाहेर डोकावताहेत. मांडीवर गिटार. तारांवर तो चाकू टेकवतो आणि सरकवत नेतो. हँडीची झोप उडते. तुमचीही.

गाण्यात प्रेयसी नाही, देव नाही. दोन रेल्वेमार्ग एकमेकांना जिथे छेदतात त्या ठिकाणी जायचंय, एवढीच गोष्ट. एकच ओळ तो तीनदा म्हणतो आणि दर वेळी गिटार तिला उत्तर देते. कल्याणच्या माणसाला जंक्शनवरचं गाणं समजावून सांगावं लागत नाही.

जरा नीट ऐका. त्याचा गंधार कोमल आहे की शुद्ध, हे तुम्हाला ठरवता येणार नाही, कारण चाकू दोन्हींच्या मधोमध रेंगाळतो. निषादही असाच उतरलेला. अशा गाण्यांतून पुढे जो साचा पक्का झाला तो आपल्या भाषेत सांगायचा तर चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. सुरुवात षड्जावर, मग मध्यम, परत षड्ज, शेवटी पंचमाला शिवून घरी. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत निकाल लावायचा. ब्लूज म्हणतात ते हेच, आणि जॅझ, रिदम अँड ब्लूज, रॉक अँड रोल या सगळ्यांच्या पायात हा साचा सापडतो. हँडीने हे ऐकलेलं डोक्यात ठेवलं. 1912 साली त्याचं ‘मेम्फिस ब्लूज’ छापून आलं, 1914 साली ‘सेंट लुईस ब्लूज’.

1914 मध्ये न्यूयॉर्कला एक मिनिट उतरा. कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी आहे. 1913 च्या जुलैत तो इथे आला. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम, आणि दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय तिथे वस्ती करू लागलेत. त्याने ही ब्लूज ऐकली का, असं विचारू नका. त्याच्या हातात पुस्तकं आहेत. मात्र 1946 साली हाच माणूस कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या दुःखातलं साम्य मांडणार आहे, आणि 1972 साली मुंबईत तरुण पोरं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून दलित पँथर काढणार आहेत. विचारांची गाडी अशी थेट आली. सुरांची मात्र वळसा घेऊन आली.

तो वळसा पाहायला अपोलो बंदरावर चला. 1935 चा हिवाळा. तुम्ही कल्याणहून आलेले, अंगावर धोतर-कोट, डोक्यावर काळी टोपी. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात तुम्हाला कोण घेणार? कठड्याला टेकून उभे राहा. आत लिऑन ॲबीचा बँड वाजतोय, सगळे वादक कृष्णवर्णीय, मूळचे अमेरिकेतले. त्यांच्या देशात दक्षिणेकडच्या मोठ्या हॉटेलात त्यांना पुढच्या दाराने जाता येत नाही. इथे साहेब, संस्थानिक आणि बडे पारशी त्यांच्या तालावर नाचतात. मागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ येईल, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड येईल. वेदरफोर्ड तर परत जाणारच नाही; 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने जाईल.

नाचणाऱ्यांना सोडा. गोव्याच्या वादकांकडे बघा. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेली ही पोरं कागदावरचं सगळं वाजवू शकतात, पण कागदावर न लिहिता येणारा तो मधला गंधार त्यांना या बँडांकडून कानाने उचलायचाय. त्यांच्यातच हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा. ट्रम्पेट हातात घेतला की तो लुई आर्मस्ट्राँग होतो, खरखरीत आवाजासकट. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखणार आहे.

पुढे स्वातंत्र्य आलं. साहेब गेला, संस्थानिकांच्या थैल्या आटल्या, आणि 1949 साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. गृहमंत्री मोरारजीभाई. दारू नाही तर नाचघर कसं चालणार? वादकांनी पेट्या उचलल्या आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागले. हिंदी चित्रपटसंगीतातल्या पाश्चात्त्य रंगाचं श्रेय ज्याला द्यायचं त्याला द्या. मोरारजीभाईंचा वाटा मात्र विसरू नका.

आता 1951. रेकॉर्डिंगच्या जागी कोपऱ्यात उभे राहा, आवाज करू नका. पेटीवर बसलेत रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणतं, आपली माणसं अण्णा. शेजारी चिक चॉकलेट. अण्णा चाल म्हणून दाखवतात, गोव्याची माणसं ती भराभर रेघांवर उतरवतात. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट. खोलीत मराठी, कोकणी आणि बंबईया हिंदी एकत्र. चित्रपट ‘अलबेला’, गाणं ‘शोला जो भडके’. पडद्यावर नाचणार भगवानदादा पालव, एकेकाळी मजुरी केलेला दादरचा गडी. चित्रपटात खुद्द चिकचा बँडही दिसतो. ही काही शुद्ध ब्लूज नाही. लॅटिन नाच आहे, जॅझ आहे, वर आपला ठेका. पण ट्रम्पेट जिथे सूर ओढून खाली सोडतो तिथे टटवायलरचा तो चाकू ओळखू येतो.

गाडी परत कल्याणकडे धावते. कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळातल्या लष्करी बराकी दिसतात. त्यात आता सिंधी निर्वासितांचे संसार आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी या छावणीचं नाव उल्हासनगर झालंय. सिनेमाची गाणी इथवर पोचतात ती लाउडस्पीकरने, लग्नाच्या ब्रास बँडने आणि रेडिओने. रेडिओचीही एक गंमत. 1952 पासून माहितीमंत्री आहेत बा. वि. केसकर, आणि या मराठी माणसाला सिनेगीतांचं वावडं. आकाशवाणीवरून गाणी हटली, तर लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. म्हणून 1957 साली डोंबिवलीतल्या चाळीत बसून तुम्ही ‘ईना मीना डीका’ ऐकता ते कोलंबोहून. चित्रपट ‘आशा’, संगीतकार पुन्हा अण्णा, बोलांच्या कडबोळ्यात गोव्याच्या जॉन गोम्सची कोकणी भर. ठेका चक्क रॉक अँड रोलचा. आदल्याच वर्षी एल्व्हिस प्रिस्लेने ‘हाउंड डॉग’ गाऊन अमेरिका हलवली होती, आणि ते गाणं मुळात बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय बाईने गायलेली ब्लूज. वरच्या मजल्यावरचे आजोबा ओरडतात, ‘बंद करा तो धिंगाणा!’ मिसिसिपीतल्या चर्चमध्येही वडीलधारे ब्लूजबद्दल याहून वेगळं बोलत नसत.

इथे एक मोह होतो, तो आवरा. ओवी म्हणजे आपली ब्लूज, लावणी म्हणजे आपली ब्लूज, असं म्हणायला सोपं आहे. विषय खरंच जुळतात. सातारा-कोल्हापूरची माणसं बोरघाटातून, नाशिक-नगरची थळघाटातून गिरण्यांकडे गेली. दोन्ही रेल्वेवाटा कल्याणला मिळतात. बायको गावी, नवरा मुंबईत, हे अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’त आहे आणि शिकागोला गेलेल्या मजुरांच्या गाण्यांतही. पण सुरांचं नातं नाही, घडणीचं नाही. साम्य दिसलं म्हणून पत्रिका जुळवायला बसू नये.

मात्र एका ठिकाणी मला दोन्हीकडे हुबेहूब एकच गोष्ट घडलेली दिसते, आणि इकडची बाजू डोंबिवलीचीच. तिकडे जाण्याआधी 1941 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या कापूसमळ्यावर थांबा. लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क मोटारीतून तबकड्या कापणारं अवजड यंत्र घेऊन आलेत. मळ्यावरचा ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स आपल्या घरात बसून गातो. मग ते त्याला त्याचाच आवाज ऐकवतात. त्याचा चेहरा बघून घ्या. आपणही तबकडीवरच्या गवयासारखे वाजतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. लोमॅक्सने नंतर तबकडीच्या दोन प्रती आणि 20 डॉलर पाठवले. 1943 साली मडीने शिकागोची गाडी पकडली. दिवसा कारखान्यात, रात्री गुत्त्यात. गुत्त्यातल्या गलक्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. त्या विजेतून शिकागो ब्लूज झाली. तिच्यावर वाढलेल्या लंडनच्या पोरांनी 1962 साली मडीच्या एका गाण्यावरून आपल्या बँडचं नाव ठेवलं, रोलिंग स्टोन्स.

आता 1980 नंतरचं कुठलंही साल, डोंबिवलीच्या कडेचं आगरी गाव, हळदीची रात्र. मांडवात नवरीजवळ धवलारीण बसलीय. वय झालेली, आवाज खडा, साथीला एकही वाद्य नाही. ती धवल्याची, म्हणजे लग्नगीताची, ओळ म्हणते, बाया उचलतात. विधीमागून विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. भटजीचं काम तीच करते. बाहेर अंगणात बेंजो पार्टी मांडामांड करतेय. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, मूळ जपानी, नागोयात 1912 साली घडलेलं. वादक डाव्या हाताने बटणं दाबतो, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडतो. ढोल-ताशापुढे ते ऐकू जाईना, म्हणून त्यानेही तारांखाली पिकअप बसवला आणि वायर ॲम्प्लिफायरला जोडली. मडीला जी अडचण आली तीच याला आली, आणि उपायही तोच निघाला. त्याला मडीचं नाव ठाऊक नाही, असायची गरजही नाही. कोळीगीत सुरू होतं, मग सिनेमाचं, मग ‘अलबेला’तलं एखादं, आणि अंगण भगवानदादांच्या पद्धतीने खांदे उडवत नाचायला लागतं. विसर्जनाला दुर्गाडीच्या खाडीवर जातानाही हाच नाच. टटवायलर ते ताज, ताज ते दादर, दादर ते दुर्गाडी. वाटेत कोणी तिकीट विचारलं नाही.

मांडवातली धवलारीण मात्र आता ऐकू येत नाही.

शेवटचा थांबा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, फेब्रुवारी 2011. पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल. चौऱ्याहत्तर वर्षांचा बडी गाय गिटार घेऊन उभा आहे. लुइझियानात जन्मलेला, शिकागोला गेलेला, मडीच्या तालमीत वाढलेला. शिलाँगचा सोलमेट हा बँडही आलाय, म्हणजे भारतातही कोणीतरी ही ब्लूज थेट शिकलंय. गर्दी बहुतेक शहरी, इंग्रजी बोलणारी. पाठीमागच्या रांगेत ठाणे-डोंबिवलीची पोरंही आहेत, एक डोळा घड्याळावर. शेवटची गाडी चुकली तर पंचाईत. भिंतींकडे बघा. 1954 सालच्या या स्टुडिओत सिनेमाची असंख्य गाणी रेकॉर्ड झाली, गोव्याच्या वादकांनी वाजवली. ब्लूज आज पहिल्यांदा आली असं पोस्टर म्हणत असेल. ती या इमारतीत केव्हापासूनच कामाला होती.

दादरला गाडी बदला आणि घरी या. यापुढचं काम तुमच्या काळातलं आहे. मडी वॉटर्स आज आपल्याला ठाऊक आहे कारण कोणीतरी यंत्र घेऊन त्याच्या ओसरीवर गेलं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या वाचल्या. धवल्यांसाठी लोमॅक्सएवढं यंत्र नको, खिशातला फोन पुरतो. पुढच्या हळदीला बेंजो सुरू होण्याआधी तासभर लवकर जा. धवलारणीला विचारून रेकॉर्ड करा, अख्खा धवला, मध्ये न तोडता. गाव, तारीख आणि तिच्या परवानगीने तिचं नाव नोंदवा. मग ते तिला ऐकवा, एक प्रत तिच्या घरी द्या, आणि लोमॅक्सच्या 20 डॉलरपेक्षा बरं मानधन द्या.