जम्मा, बंदूक आणि परवाना : कोडगूच्या शस्त्रसवलतीचे एक वाचन

सप्टेंबर २०२१ मध्ये बंगळूर येथील कर्नाटक उच्च न्यायालयाने एक याचिका फेटाळली. कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाच्या व्यक्तींना आणि 'जम्मा' जमिनींच्या धारकांना शस्त्र अधिनियम, १९५९ मधील परवान्याच्या अटीतून जी सूट मिळते, ती समतेच्या तत्त्वाला बाधक आहे, असे याचिकाकर्त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सूट वैध ठरवली. कोडव हा लढवय्या समाज आहे, सवलत स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आली आहे, ती बिनशर्त नाही आणि ठरावीक मुदतीपुरतीच आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. केंद्र सरकारने २०१९ च्या अधिसूचनेने ही मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवलेली आहे.

वरवर पाहता हा प्रश्न विधिज्ञांचा वाटेल. परंतु सूट देणाऱ्या मजकुरात दोन वेगवेगळ्या जगांतली दोन पदे शेजारी बसवलेली आहेत. एक पद वंशाने कोडव असलेल्या व्यक्तीचे, दुसरे जम्मा धारकाचे. पहिले जन्माने ठरते, दुसरे जमिनीने. भारतात बंदूक कोणाकडे असावी आणि ती बाळगणाऱ्यावर भरवसा कशाच्या आधारे टाकावा, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे या दोन पदांत दडलेली आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत, हे दाखवण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

'जम्मा' हा शब्द 'जन्म' शब्दाचेच रूप आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हा धारा हालेरी राजांच्या काळात रुजला. धारकाने हाक येताच शस्त्र घेऊन राजाच्या चाकरीस हजर व्हावे आणि त्याच्या बदल्यात हलका सारा भरावा, असा तो व्यवहार होता. मराठी वाचकाला वतन किंवा सरंजाम म्हटले म्हणजे जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याच्या हे बरेच जवळचे आहे. फरक पुढच्या इतिहासात पडला. महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतरच्या दशकात परगणा व कुलकर्णी वतने, मागाहून कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपली आणि चाकरीचा जमिनीशी असलेला संबंध तुटला. कोडगूत चाकरी संपली, राजा गेला, तरी जम्मा हे नाव आणि त्यासोबतची बंदूक राहिली. शिवाय हे हालेरी राजे स्वतः लिंगायत होते, कोडव नव्हते. राजाने ज्यांना शस्त्र धरायला लावले त्यांच्यात कोडवांखेरीज अरेभाषिक गौडा, हेग्गडे, ऐरी अशी इतर घराणीही होती. कोडगूतील बंदूकधारकांचे वैविध्य ही अलीकडची घटना नसून ते जम्मा व्यवस्थेच्या मुळातच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३४ मध्ये चिक्क वीरराजेंद्राला पदच्युत करून कोडगू ताब्यात घेतले. (मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या 'चिकवीर राजेंद्र' या कादंबरीमुळे हा राजा कन्नडबाहेरच्या वाचकांनाही परिचित आहे.) तीनच वर्षांनी, १८३७ मध्ये, कल्याणस्वामी नावाच्या तोतयाच्या नावाने सुळ्य भागातून बंड उठले आणि ते मंगळूरपर्यंत पोहोचले. या बंडात गौडा शेतकरी मोठ्या संख्येने होते, गुड्डेमने अप्पय्या गौडा हा त्यांचा पुढारी फाशी गेला. उलटपक्षी अनेक कोडव मातब्बरांनी कंपनीची बाजू घेतली. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानभर निःशस्त्रीकरणाचे कायदे लागू झाले, तेव्हा या निष्ठेची आठवण ठेवून १८६१ मध्ये म्हैसूर आणि कोडगूचा कमिशनर मार्क कब्बन याने कोडवांना त्या कायद्यातून वगळले. आजच्या सवलतीचा उगम इथे आहे. तो बक्षिसाचा उगम आहे, आणि ते बक्षीस आपल्याच प्रदेशातील बंडखोरांविरुद्ध केलेल्या मदतीचे होते, ही गोष्ट 'लढवय्या समाज' या शब्दांआड सहज झाकली जाते.

कब्बनची कचेरी बंगळूरला होती. पूर्णय्याच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे म्हैसूरच्या कारभारात कन्नडबरोबर मराठीही वापरात होती, हे मराठीच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज वोडेयराकडे गेल्यावरही तिथल्या दफ्तरातून मराठी हद्दपार झाली नव्हती. म्हणजे ज्या कारभारयंत्रणेने एका समाजाच्या हातात बंदूक ठेवली, तिची एक भाषा आपली होती. कब्बन त्याच वर्षी, १८६१ मध्ये, मायदेशी जाताना वाटेत वारला. त्याचा अश्वारूढ पुतळा पुढे दीर्घकाळ अट्टार कचेरीसमोर, म्हणजे आजच्या उच्च न्यायालयासमोर, उभा होता. २०२० मध्ये तो शेजारच्या उद्यानात हलवण्यात आला. पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत त्याच्या सवलतीवर शिक्कामोर्तब झाले.

मराठी मुलखात शस्त्रकायद्याचा इतिहास अगदी वेगळ्या वाटेने गेला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने देशी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि त्याखालील नियमांनी युरोपियनांना मोकळे सोडले. हा भेद मराठी सुशिक्षितांना जिव्हारी लागला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. पुण्यातील वृत्तपत्रांच्या लेखी तो साऱ्या राष्ट्राला षंढ करणारा कायदा होता. पुढे १८९७ मध्ये चापेकरांनी रँडवर झाडलेली गोळी आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी लंडनहून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातून झाडलेल्या गोळ्या, यांनी मराठी मनात बंदुकीला एक निश्चित अर्थ दिला. चोरून आणलेले शस्त्र हे पौरुषाचे आणि स्वाभिमानाचे प्रतीक झाले.

या परंपरेचे मोल कमी न लेखता एक उणीव नोंदवणे भाग आहे. मराठी लेखनात शस्त्र 'असणे' आणि 'नसणे' यांची चर्चा विपुल आहे, शस्त्र 'बाळगणे' यांची फारशी नाही. ते घरात कुठे ठेवावे, कोणी हाताळावे, कधी बाहेर काढावे, मालक वारल्यावर त्याचे काय व्हावे, हे प्रश्न ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बंदूक आहे त्यालाच पडतात. कोकणात किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यात रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी होते आणि आहेत. १९५९ च्या कायद्यातही पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. पण हा शेतकरी आपल्या साहित्यात आलाच तर शिकारकथेपुरता येतो.

कोडगूत याच प्रश्नांभोवती विधींचे एक सबंध जाळे उभे आहे. सप्टेंबरच्या आरंभी येणारा कैलपोळ्द हा हत्यारांचा सण भातलावणी आटोपल्यावर येतो. लावणीच्या दिवसांत घरातील हत्यारे देवखोलीत, म्हणजे कन्निकोंबरेत, ठेवून द्यायची आणि या सणाला पूजा करून बाहेर काढायची, अशी जुनी रीत आहे. बंदुकीच्या नळीत 'तोकपू' खोवतात. 'तोक' म्हणजे बंदूक, 'पू' म्हणजे फूल. हे फूल म्हणजे आपली कळलावी. मराठीत ज्या वनस्पतीच्या नावातच भांडण लावण्याचा दोष चिकटला आहे, तिला कोडव भाषेत बंदुकीचे फूल म्हणतात, हा योगायोग तुलनाकारांनी विसरू नये असा आहे. सणाच्या दिवशी झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. मुलगा जन्मला की एक बार काढतात, माणूस गेला की दोन. गावात कोणाकडे काय घडले, हे बारांच्या संख्येवरून कळते. १९२४ मध्ये नडिकेरियंड चिण्णप्पा यांनी प्रसिद्ध केलेल्या 'पट्टोले पळमे' या संग्रहामुळे या सणा-विधींची मौखिक परंपरा ग्रंथबद्ध झाली.

आपल्याकडेही खंडेनवमीला शस्त्रे पुजली जातात. पण आज बहुतेक घरांत त्या दिवशी पुढ्यात येतात ती अवजारे, वाहने, पुस्तके. शस्त्र गेले आणि विधी उरला. कोडगूत दोन्ही उरली, म्हणून विधीला कामही उरले. हत्यार वर्षातून काही काळ बंद ठेवायचे, घरच्या वडीलधाऱ्यांसमक्ष बाहेर काढायचे, बार मोजून काढायचा, ते एका व्यक्तीचे नसून 'ओक्का'चे म्हणजे कुळाचे मानायचे, हे सारे नियमनच आहे. निवडणुका आल्या की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला लावणारे आजचे शासन आणि लावणीच्या दिवसांत हत्यारे देवखोलीत ठेवायला लावणारे जुने कुळ, यांच्या विचारात मला तरी तत्त्वतः अंतर दिसत नाही. अंतर आहे ते जबाब कोणाला द्यायचा यात.

इथे सवलतीच्या मजकुराकडे परत यावे लागते. तो बंदूकधारकाला अमर्याद मोकळीक देत नाही. एक रायफल आणि तिची १०० काडतुसे, एक गुळगुळीत नळीची बंदूक आणि तिची ५०० काडतुसे किंवा तेवढी दारू व छर्रे, इतकीच मर्यादा आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाहीत. परंतु परवान्यासोबत जे येते, ते सवलतीसोबत आपोआप येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराकडून सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी मागितली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. बंगळूरसारख्या शहरात पोलीस आयुक्त एकेका अर्जदाराची चौकशी करून, धोका पारखून, मग परवाना देतो वा नाकारतो. तिथे भरवसा व्यक्तीवर टाकला जातो. कोडगूत तो समूहावर टाकलेला आहे. जोवर ऐनमनेत, म्हणजे कुळाच्या मूळ घरात, माणसे राहतात तोवर समूहाचा भरवसा सार्थ ठरू शकतो. पण कोडव कुटुंबांतील मोठा वर्ग आज बंगळूरला नोकरी-व्यवसाय करतो, आणि मूळ घरी वर्षातून सणापुरता जातो. बंदुकीवर नजर ठेवणारे वडीलधारे तिथे नसतील, तर समूहाच्या नावाने दिलेली सूट प्रत्यक्षात एकट्या व्यक्तीच्या हाती पडते. न्यायालयापुढील वादात याचा विचार व्हायला हवा होता, असे वाटते.

'लढवय्या समाज' या आधाराबद्दल माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या समाजातून आले त्याची सैनिकी परंपरा नाकारण्याचे कारण नाही. परंतु लढवय्या आणि बिगर-लढवय्या अशी जातीजमातींची वाटणी ही वसाहतकाळातील लष्करभरतीची देणगी आहे, आणि ती मराठी समाजालाही भोवली आहे. १८९० च्या दशकात याच वाटणीने महारांची भरती थांबली, आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांना सरकारकडे अर्ज करावे लागले. एकाला शस्त्र देणारे तत्त्व दुसऱ्याच्या हातातून ते काढून घेत असते. नेमबाजीचे क्षेत्र पाहिले तर या वाटणीचा फोलपणा स्पष्ट होतो. २०१० मध्ये म्यूनिक येथे विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यांचा अधिकार सरावातून सिद्ध झाला आहे. कोडगूतही अलीकडे स्त्रिया नारळावर नेम धरू लागल्या आहेत. मुलगा झाल्यावरच बार काढणाऱ्या परंपरेत हा बदल लहान नाही.

दुसरीकडे, बंगळूरमध्ये बंदुकीचा विचार ५ सप्टेंबर २०१७ ला वगळून करता येत नाही. त्या रात्री पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घरासमोर हत्या झाली. त्याआधी २०१५ च्या ऑगस्टमध्ये धारवाडला वचनसाहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी गेले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कोल्हापूरला झालेल्या हल्ल्यानंतर गोविंद पानसरे, २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्याचा न्यायवैद्यक अहवाल तपास यंत्रणेने न्यायालयात दिला आहे. हे शस्त्र ना परवान्याच्या नोंदवहीत होते, ना कोणत्याही सवलतीच्या यादीत. त्यावरून परवाना निरर्थक ठरतो असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो मला मान्य नाही. नोंदलेली बंदूक मालकापर्यंत पोहोचवते, आणि गावठी पिस्तूल त्याच कारणासाठी निवडले जाते.

राहतो तो अनुवादाचा प्रश्न. सवलतीच्या इंग्रजी मजकुरात कोडवांसाठी जो शब्द आहे तो मराठीत आणायचा तर 'वंश', 'जात', 'कुळ' आणि 'समाज' असे चार पर्याय समोर येतात. या निबंधात मजकुराविषयी लिहिताना 'वंश' आणि माणसांविषयी लिहिताना 'समाज' असा वापर केला आहे. 'वंश' म्हटले की कब्बनचे जग समोर येते, 'जात' म्हटले की भरतीच्या याद्या. 'कुळ' म्हटले तर हत्यार देवखोलीत ठेवणाऱ्या ओक्कापर्यंत पोहोचता येते, पण मग गौडा, हेग्गडे आणि ऐरी यांच्या कुळांनाही त्यात जागा द्यावी लागते, आणि १८३७ च्या बंडात उतरलेल्या गौडांचे वंशज व ते बंड मोडणाऱ्यांचे वंशज एकाच पदाखाली येतात. जम्मा या दुसऱ्या पदाने हे काम आधीच केलेले आहे. २०२९ च्या ऑक्टोबरपूर्वी नवी अधिसूचना लिहिताना पहिल्या पदाची गरज उरते का, हे मसुदा करणाऱ्यांना ठरवावे लागेल.