प्राण्यांचे वर्ग : जुने व नवे

भिवंडीच्या बाजारांत खाडीकांठच्या कोळिणीची पाटी उघडली म्हणजे तींत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी व कालवें हीं एकत्र दिसतात, आणि विकणारी व घेणारा दोघेही त्या सर्वांस मासळी या एकाच नांवानें ओळखतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें यांत मासा म्हणावा असा जीव निवटी एवढाच. ती चिखलावर उड्या मारीत हिंडत असली तरी तिला कणा आहे, कल्ले आहेत. चिंबोरी व कोळंबी हीं विंचू-झुरळांच्या भाऊबंदांपैकीं, आणि कालव हें गोगलगाईच्या गोतांतलें. कॉलेजांतल्या मुलांस हें कळलें कीं तीं हंसतात व कोळिणीस अडाणी ठरवून मोकळीं होतात. हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो. प्राण्यांचे वर्ग पाडण्याचा इतिहास पाहिला तर एखादा वर्ग चूक कीं बरोबर हें ठरविण्यापूर्वीं तो कोणत्या कामासाठीं पाडला हें विचारावें लागतें.

चरकसंहितेचेंच उदाहरण घेऊं. तिच्या सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायांत मांसाच्या विचारासाठीं प्राण्यांचे ८ वर्ग केले आहेत. त्यांपैकीं वारिशय, म्हणजे पाण्यांत राहणारे, या वर्गांत कासव, खेंकडा, मासा, शिंपला, शंख व पाणमांजर हीं शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. भिवंडीची पाटीच ती! प्रसह म्हणजे हिसकून खाणारे; त्यांत वाघसिंहांबरोबर गाय, घोडा, कावळा आणि गिधाडही आहे. उकरून खाणारा पक्षी विष्किर, टोचून खाणारा प्रतुद. गाय व वाघ एका पंक्तीला पाहून आजचा वाचक दचकेल. परंतु चरकाला प्राण्याचें कूळ शोधावयाचें नव्हतें; कोणत्या रोग्यास कोणतें मांस जड व कोणतें हलकें हें सांगावयाचें होतें, आणि प्राणी कोठें राहतो व कसा खातो यावरून तें ठरतें अशी त्याची धारणा होती. वैद्याच्या प्रश्नास तें वैद्याचें उत्तर आहे.

ऐतरेयोपनिषदांतील जारुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज ही वांटणी जन्मावरून केलेली आहे. तिच्यांतील स्वेदज हा पाया कच्चा निघाला. इ. स. १६६८ मध्यें इटलींतील रेदी यानें झांकलेल्या मांसांत अळ्या पडत नाहींत, माशा बसूं दिल्या तरच पडतात, हें दाखवून दिलें. याहून जैनांची पद्धति आम्हांस अधिक विचारार्ह वाटते. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रांत कृमि, मुंगी, भ्रमर व मनुष्य अशी एकेक इंद्रिय वाढत जाणारी पायरी लावली आहे. येथें खाणाऱ्याची सोय गौण, प्राण्याचा स्वतःचा गुण मुख्य. तरीही मुंगी व भ्रमर वेगवेगळ्या पायऱ्यांवर पडले, आणि आजच्या शास्त्रांत मुंगी व मधमाशी तर एकाच गणांत आहेत.

युरोपांतही वाट सरळ नव्हती. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन भाग केले, आणि डॉल्फिन पिलें जन्मास घालतो व फुप्फुसानें श्वास घेतो हें नमूद केलें. असें असून देवमासा मत्स्यवर्गांतच राहिला. लिनीअसनें त्यास सस्तनांत घेतलें तें १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत. याच लिनीअसचा 'कृमि' नांवाचा सहावा वर्ग म्हणजे अडगळीची खोली. गांडूळ, गोगलगाय, तारामासा, जें कोठें बसेना तें तेथें लोटलेलें. ती खोली झाडण्याचें काम १७९३ पासून पॅरिसमध्यें लामार्कनें केलें, आणि १८१७ त क्यूव्हिए यानें शरीराच्या आंतील रचनेवरून सर्व प्राण्यांच्या चार शाखा ठरविल्या : पृष्ठवंशी, मृदुकाय, वलयांकित व अरीय.

क्यूव्हिएचीही परीक्षा एका क्षुद्र जिवानें घेतली. आमच्या कोंकणांतील खाड्यांत धक्क्याच्या दगडांस व होडीच्या बुडाशीं पांढरीं, खरखरीत, लहानशा डोंगरासारखीं कवचें घट्ट चिकटलेलीं असतात. पाय घसरला तर तळवा कापतो. कवच आहे, जागचें हलत नाहीं, म्हणून क्यूव्हिएनें त्यांस कालवांच्या शाखेंत घातलें. पुढें जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी वैद्यानें त्यांचीं पिलें पाहिलीं. तीं पाय हलवीत पाण्यांत पोहत होतीं आणि मग एके जागीं चिकटून तें कवच धारण करीत होतीं. १८३० मध्यें त्यानें हें प्रसिद्ध केलें. कालव समजलेला प्राणी कोळंबीचा आप्त निघाला! डार्विननें १८४६ पासून ८ वर्षें याच प्राण्यांच्या अभ्यासांत घालविलीं, आणि १८५९ त त्याचा मोठा ग्रंथ निघाल्यावर वर्गीकरणाचा अर्थच पालटला. पूर्वीं ती गांवाची खानेसुमारी होती, आळीआळीनें केलेली. आतां तो कुलवृत्तान्त झाला. कुलवृत्तान्तांत कोण कोठें राहतो यास महत्त्व नाहीं. म्हणून मगर दिसण्यांत पालीसारखी असली तरी नात्यानें पक्ष्यांस जवळची ठरते.

पृष्ठवंशी व अपृष्ठवंशी ही शाळेंतील जोडीही या हिशेबांत टिकत नाहीं. कणा असलेल्या जाती ७०,००० च्या वर आहेत, आणि एकट्या संधिपादांच्या वर्णिलेल्या जाती १०,००,००० हून अधिक. कणा नसणें हा कांहीं गुण नव्हे. त्यापेक्षां संधिपाद हा शब्द चांगला. तो सांध्यांचे पाय दाखवितो. आमचे विद्यार्थी मात्र तो शब्द पाठ करतात आणि पाय मोजीत नाहींत.

पाटींतील कोळंबी व चिंबोरी उचलून ते मोजावे. नांग्या धरून दोहोंचे दहा भरतात. एक लांबट आणि एक चापट, मग हीं सगोत्र कशीं? चिंबोरी उलटी करावी. पोटाखालीं एक झडप दुमडलेली दिसेल. कोळंबीची जी मांसल शेपटी आपण खातों तीच येथें आखडून पोटाशीं घेतलेली आहे. कोळीण चिंबोरी निवडतांना हीच झडप आधीं पाहते : अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी, आणि अंडीं असलीं तर तींही तिच्याखालींच.