चार मैल सरकलेलें शहर

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रिन्स विल्यम साउंड नांवाचें एक विस्तीर्ण आखात आहे. बेटें, भूशिरें आणि खाड्या यांनीं त्याचा किनारा इतका विस्कटलेला आहे कीं, नकाशावर तो पाहतांना जीर्ण वस्त्राच्या दशा आठवतात. या आखाताच्या ईशान्य कोपऱ्यांतून एक खोल खाडी डोंगरांत शिरते, एका चिंचोळ्या फटींतून वळण घेते आणि पुढें पूर्वेकडे दहाबारा मैल जाऊन थांबते. तिच्या या शेवटच्या टोंकाजवळ वाल्डीझ हें शहर आहे. शहर हा शब्द येथें अमेरिकन कायद्याच्या अर्थानें घ्यावयाचा. कारण २०२० सालच्या खानेसुमारींत येथें भरलेलीं माणसें अवघीं ३,९८५. या मूठभर लोकांच्या शहराची हद्द मात्र दोनशें चौरस मैलांहून मोठी आहे, आणि तिच्यांतला बहुतेक भाग डोंगर, हिम व पाणी यांचा आहे.

वाल्डीझ हें ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या उत्तरेस असूनहि समुद्रांतील उष्ण प्रवाहामुळें ही खाडी हिवाळ्यांत गोठत नाहीं, आणि आगबोटींना येथें बाराहि महिने येतां येतें. परंतु त्याच समुद्रावरून येणारे ओलसर वारे चुगाच पर्वताच्या भिंतीवर आदळतात आणि आपलें ओझें तेथेंच टाकतात. शहरांत वर्षाकाठीं सरासरी पंचवीस फुटांच्या आसपास हिम पडतें. तेथून पंचवीस-सव्वीस मैलांवर असलेल्या थॉम्प्सन खिंडींत १९५२-५३ च्या एका हिवाळ्यांत सुमारें ८१ फूट हिम पडल्याची नोंद आहे. समोर सदैव उघडा समुद्र आणि पाठीशीं हिमनद्यांनीं भरलेला पर्वत, असें हें ठिकाण आहे. येथें पोंचणें सोपें, येथून पुढें जाणें कठीण. आणि बाहेरून जो कोणी आला तो बहुधा पुढें जाण्यासाठींच आला. म्हणूनच वाल्डीझच्या खानेसुमारीचे आंकडे गांवाच्या वाढीपेक्षां या वाटेच्या रहदारीबद्दलच अधिक सांगतात.

बाहेरच्यांच्या कितीतरी आधीं या आखाताच्या किनाऱ्यावर चुगाच लोक राहत होते. सील, मासे व शिंपले यांवर त्यांचा निर्वाह चाले. पर्वतापलीकडे तांबनदीच्या, म्हणजे कॉपर रिव्हरच्या, खोऱ्यांत आटना लोकांची वस्ती होती. इ. स. १७९० मध्यें साल्वादोर फिदाल्गो हा स्पॅनिश दर्यावर्दी येथें आला आणि त्यानें आपल्या देशाचे नौदलमंत्री आंतोनियो वाल्देस यांचें नांव या बंदरास दिलें. स्पेनचें राज्य येथें कधींच झालें नाहीं, त्या मंत्र्यांनींहि हें बंदर कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. नांव तेवढें राहिलें. तेंहि मूळ उच्चारांत राहिलें नाहीं. स्थानिक लोक तें ‘वाल्डीझ’ असें शेवटचें अक्षर लांबवून म्हणतात, आणि कोणी स्पॅनिश वळणानें म्हटलें तर तो परका आहे हें लगेच ओळखतात. असो.

१८६७ सालीं रशियानें अलास्का ७२ लक्ष डॉलर्सना अमेरिकेस विकला. त्यानंतर तीस वर्षें या खाडीच्या टोंकाशीं शहर म्हणण्यासारखें कांहींच नव्हतें. १८९७-९८ मध्यें क्लोंडाइकच्या सोन्याची हांक उठली आणि सारें पालटलें. क्लोंडाइक कॅनडाच्या मुलखांत. तिकडे जाण्याच्या रूढ वाटाहि कॅनडांतून जाणाऱ्या. तेव्हां सर्वस्वीं अमेरिकेच्या भूमीवरून जाणारी एक सुलभ वाट वाल्डीझहून निघते, अशी जाहिरात आगबोट-कंपन्यांनीं चालविली. १८९८ सालीं त्या जाहिरातीवर विसंबून सुमारें चार हजार माणसें येथें उतरलीं. उतरल्यावर त्यांस दिसलें कीं, गांव नाहीं, आणि ज्या वाटेचें वर्णन ऐकलें होतें ती वाट म्हणजे प्रत्यक्ष वाल्डीझ हिमनदी आहे. जाहिरातींत सांगितल्याच्या दुपटीनें लांब आणि कितीतरी अधिक चढाची!

तरीहि माणसें चढलीं. वर्षभराचें धान्य व हत्यारें घसरगाड्यांवर लादून, एक खेप पुढें टाकून दुसरीसाठीं मागें येत, त्यांनीं तें बर्फ ओलांडलें. हिमावरून परावर्तित होणाऱ्या उन्हानें कित्येकांचे डोळे गेले. कांहीं भेगांत पडून नाहींसे झाले. पलीकडे तांबनदीच्या खोऱ्यांत सोनें फारसें नव्हतें. हिवाळा तेथें काढावा लागलेल्यांना ताज्या अन्नाच्या अभावीं होणाऱ्या स्कर्व्ही रोगानें गांठलें, आणि त्यांतले अनेक दगावले. १८९९ च्या वसंतांत कॅप्टन अॅबरक्रॉम्बी हा लष्करी अधिकारी परत आला तेव्हां वांचलेल्यांची स्थिति पाहून त्यास प्रथम त्यांच्या अन्नाची व्यवस्था करावी लागली. मग त्यानें हिमनदीचा नाद सोडून कीस्टोन दरी व थॉम्प्सन खिंड यांतून रस्ता काढण्यास आरंभ केला. याच रस्त्याची पुढें फेअरबँक्सपर्यंत वाढ झाली, आणि त्यास रिचर्डसन मार्ग हें नांव मिळालें. चार हजारांतून गांवांत राहिले किती? १९०० सालची खानेसुमारी सांगते, ३१५.

सोन्यानंतर तांबें आलें. केनेकॉटच्या डोंगरांत तांब्याचा अत्यंत समृद्ध साठा सांपडला आणि तेथपर्यंत आगगाडी कोठून न्यावयाची असा प्रश्न निघाला. वाल्डीझच्या लोकांना वाटे, आपल्याच बंदरांतून. गांवांत दुकानें वाढलीं, जागांचे भाव चढले. परंतु मोठ्या भांडवलवाल्यांनीं अखेरीस आग्नेयेकडचें कॉर्डोव्हा बंदर पसंत केलें. त्यावर वाल्डीझकरांनीं वर्गणी जमवून स्वतःची आगगाडी सुरू करण्याचा घाट घातला. सप्टेंबर १९०७ मध्यें कीस्टोन दरींत दोन्ही पक्षांचीं माणसें समोरासमोर आलीं, बंदुका झडल्या आणि एकाचा प्राण गेला. वाल्डीझची आगगाडी तेथेंच संपली. खडकांत हातांनीं खोदलेला एक अपुरा बोगदा आजहि रस्त्याच्या कडेला दिसतो. कॉर्डोव्हाची गाडी १९११ सालीं केनेकॉटला पोंचली. वाल्डीझची लोकसंख्या १९१० मध्यें ८१० होती ती १९२० मध्यें ४६६ झाली.

पुढचीं चाळीस वर्षें थोडक्यांत सांगतां येतात, कारण आंकडेच जेमतेम हलतात: १९३० सालीं ४४२, १९४० सालीं ५२९, १९५० सालीं ५५४, १९६० सालीं ५५५. मासेमारी, गोदीकाम, रस्त्याची देखभाल आणि उन्हाळ्यांत फेअरबँक्सकडे जाणाऱ्या मालाची चढउतार, एवढ्यावर गांव चाले.

या गांवाखालची जमीन कशी होती हें आतां पाहिलें पाहिजे. सोनें शोधणारांनीं तंबू ठोकले ते खाडीच्या टोंकाशीं, हिमनदीच्या वाटेजवळ; कारण त्यांना तीच वाट धरावयाची होती. तेथेंच दुकानें झालीं, तेथेंच घरें. परंतु ती सपाट जागा म्हणजे हिमनदीच्या पाण्यानें आणून टाकलेली वाळू, रेती व बारीक गाळ यांचा थर होता, आणि तो पाण्यानें पूर्ण भिजलेला होता. वरून हिमनदीचा प्रवाह गांवांत घुसूं नये म्हणून बांध घालावे लागले होते. म्हणजे पाठीकडचा धोका लोकांनीं ओळखला होता. पायांखालच्याची कल्पना कोणास नव्हती. खाडीच्या तळाकडे तो गाळ तीव्र उतारानें उतरत होता, आणि त्याच्या अगदीं कडेवर धक्का बांधलेला होता.

२७ मार्च १९६४ रोजीं गुड फ्रायडे होता. त्या दुपारीं ‘चेना’ नांवाचें मालवाहू जहाज धक्क्यास लागलें होतें. जहाज येणें ही लहान गांवांत एक मौजच असते. खलाशी मुलांना फळें व खाऊ देत, त्यामुळें मुलें आणि त्यांचे आईबाप धक्क्यावर जमले होते. सायंकाळीं ५ वाजून ३६ मिनिटांनीं पृथ्वी हलूं लागली. या भूकंपाचें मान पुढें ९.२ ठरविण्यांत आलें. उत्तर अमेरिकेंत उपकरणांनीं मोजलेला याहून मोठा भूकंप नाहीं. त्याचा मध्य वाल्डीझच्या पश्चिमेस सुमारें ४५ मैलांवर होता, आणि हालचाल चारपांच मिनिटें चालली. एवढ्या अवधींत भिजलेल्या गाळाचें बळ संपलें. किनाऱ्याची जवळजवळ चार हजार फूट लांब व सहाशें फूट रुंद अशी पट्टी खाडीच्या तळाकडे घसरली, आणि तिच्याबरोबर धक्का, वखारी व त्यांवरचीं सर्व माणसें गेलीं. ‘चेना’ उचललें गेलें, तळावर आपटलें, पुन्हा वर आलें आणि आश्चर्य असें कीं, स्वतःच्या यंत्रांवर खोल पाण्यांत निघून गेलें. धक्क्यावरचें मात्र कोणी वांचलें नाहीं. लाटा गांवांत शिरल्या, तेलाच्या टाक्या पेटल्या. मृतांची संख्या तीसांच्या वर होती. साडेपांचशें वस्तीच्या गांवांत तीस म्हणजे कोणत्याहि घराचा संबंध सुटला नाहीं असें समजावें.

अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनीं जागा तपासून स्पष्ट सांगितलें कीं, पुढच्या भूकंपांत हेंच पुन्हा होईल. गांव येथें ठेवूं नये. चारेक मैलांवर, मिनरल क्रीकच्या मुखाशीं, दुसरी जागा होती. तेथें रेतीच्या पुढें समुद्राच्या बाजूस पक्क्या खडकाची धार आहे आणि ती मागच्या जमिनीस पायरीसारखी धरून ठेवते. १९६७ पर्यंत गांव तेथें गेलें. ५२ इमारती उचलून, गाड्यांवर चढवून नेल्या. उरलेल्या पाडल्या किंवा जाळल्या.

येथें एक गोष्ट नजरेआड होतां कामा नये. १९६४ सालीं या गांवापुढें कोणतेंहि मोठें भवितव्य दिसत नव्हतें. सोन्याची वाट कधींच ओस पडली होती, केनेकॉटच्या खाणी १९३८ सालीं बंद झाल्या होत्या, आणि रेल्वे असलेलें अँकरेज शहर अंतर्भागाचा व्यापार आपल्याकडे ओढीत होतें. लोक पांगले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. तरीहि बरेच लोक राहिले. ज्या वस्तीस इतरांनीं निव्वळ वाटेवरचें ठाणें समजावें, तिला तिचीं माणसें गांव समजत होतीं, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

अर्थात् त्यांच्यामागें सरकारचें द्रव्य उभें राहिलें, हेंहि खरें. त्याच आखातांतील चेनेगा या चुगाच लोकांच्या खेड्याचें तसें झालें नाहीं. त्याच संध्याकाळच्या लाटेनें त्या खेड्यांतील २३ माणसें, म्हणजे वस्तीचा सुमारें तिसरा हिस्सा, नेला. शाळा व एक घर एवढेंच उभें राहिलें. वांचलेल्यांना टॅटिटलेक व इतर गांवीं हलविण्यांत आलें, आणि त्यांचें खेडें दुसऱ्या बेटावर पुन्हा वसलें तें १९८४ सालीं, वीस वर्षांनीं. वाल्डीझच्या स्थलांतराची कथा सांगतांना ही बहुधा सोडून दिली जाते.

नवें गांव उभें राहून वर्ष होतें न होतें तोंच १९६८ सालीं अलास्काच्या उत्तर टोंकास, प्रूडो बे येथें, प्रचंड तेलसाठा सांपडला. उत्तरेचा समुद्र वर्षाचा बहुतेक काळ गोठलेला. तेव्हां तेल दक्षिणेच्या न गोठणाऱ्या बंदरांत आणणें भाग होतें. पुन्हा वाल्डीझची निवड झाली. ८०० मैल लांब व चार फूट व्यासाचा नळ १९७७ सालीं पुरा झाला आणि १ ऑगस्ट रोजीं तेलानें भरलेलें पहिलें जहाज निघालें. तेलाचा तळ खाडीच्या दक्षिण तीरावर, जुन्या लिस्कम लष्करी ठाण्याच्या जागीं, खडकावर बांधलेला आहे. गाळावर बांधण्याची चूक या वेळीं कोणी केली नाहीं. १९७० सालीं शहरांत १,००५ लोक होते, १९८० सालीं ३,०७९ झाले. मधल्या बांधकामाच्या वर्षांत याहून कितीतरी अधिक माणसें आलीं व काम संपतांच गेलीं. १८९८ चाच प्रकार, पण पगारी.

२४ मार्च १९८९ रोजीं, पुन्हा गुड फ्रायडेच्याच दिवशीं, मध्यरात्र उलटतांच ‘एक्झॉन वाल्डीझ’ हें जहाज टॅटिटलेकजवळच्या ब्लाय खडकावर चढलें आणि एक कोटि दहा लक्ष गॅलन तेल आखातांत पसरलें. पक्षी, पाणमांजरें व मासे यांचा संहार झाला. शहराचें नांव जगभर गाजलें तें या जहाजामुळें. तेल मात्र शहराच्या किनाऱ्यास लागलें नाहीं, तें नैर्ऋत्येस वाहत गेलें. उलट सफाईसाठीं आलेल्या हजारों मजुरांनीं त्या उन्हाळ्यांत शहर भरून गेलें. ज्यांच्या पोटावर पाय आला ते चेनेगा व टॅटिटलेकचे लोक, आणि कॉर्डोव्हाचे कोळी.

१९९० सालीं ४,०६८, २००० सालीं ४,०३६, २०१० सालीं ३,९७६, २०२० सालीं ३,९८५. आंकडा पुन्हा स्थिर झाला आहे, पण १९६० च्या सातपट उंचीवर. नळांतून १९८८ सालीं रोज सुमारें २० लक्ष पिंपें तेल येत असे. आतां त्याच्या पावपटीहूनहि कमी येतें. शहराच्या उत्पन्नाचा मोठा भाग अजून तेलाच्या तळावरील करांतून येतो. मासेमारी आणि प्रवासी यांचीहि त्यास जोड आहे.

जुन्या गांवाच्या जागीं आज झुडपें वाढलीं आहेत. पोस्टाच्या इमारतीचा पाया शिल्लक आहे आणि तेथें मृतांच्या नांवांचा फलक लावलेला आहे. नव्या शहरांतील संग्रहालयांत १९६३ सालच्या वाल्डीझची एक वीसांश आकाराची प्रतिकृति ठेवली आहे. तिच्यांत चारशेंच्या आसपास इमारती आहेत, धक्काहि आहे.