कंपनी भाडेकरार (महाराष्ट्र)

कंपनी भाडेकरार (प्रचलित नाव : कंपनी लीज) म्हणजे घरमालकाने आपले राहते घर, बंगला किंवा सदनिका एखाद्या कंपनीस भाड्याने देण्याचा करार होय. घरात प्रत्यक्ष राहतो तो कंपनीचा कर्मचारी. भाडेकरू मात्र कंपनीच असते.

पार्श्वभूमी

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे गोठवले व भाडेकरूस घराबाहेर काढणे अवघड केले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी घराचा ताबा असलेल्या परवानाधारकांनाही दुरुस्तीद्वारे भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यामुळे घर परत मिळेल की नाही, ही धास्ती मालकांच्या मनात रुजली.

कायदेशीर तरतुदी

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३(१)(ब) नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, विदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसेच १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना दिलेल्या जागांस हा कायदा लागू होत नाही. भागीदारी संस्थांचा या यादीत उल्लेख नाही. म्हणून करारापूर्वी कंपनीचे भागभांडवल कॉर्पोरेट कार्य मंत्रालयाच्या नोंदींवरून तपासणे महत्त्वाचे ठरते.

सूट लागू असल्यास करारातील अटी व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ निर्णायक ठरतात. वेगळी अट नसल्यास मासिक भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. मात्र ताबा सोडण्यास नकार मिळाल्यास मालकास न्यायालयातच जावे लागते. बळजबरीने कुलूप लावता येत नाही.

कराराचे स्वरूप

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी बंधनकारक आहे. कंपनीतर्फे सही करणाऱ्याच्या अधिकारासाठी संचालक मंडळाचा ठराव घेतला जातो. अनामत रक्कम, दुरुस्ती, वार्षिक भाडेवाढ आणि कर्मचारी बदलण्याची मुभा या बाबी करारात नमूद असतात. कर्मचाऱ्याचा मालकाशी स्वतंत्र करार नसतो. त्यामुळे नोकरी सुटताच त्याचा राहण्याचा आधारही सहसा संपतो.

कर

भाड्याची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास कंपनी १० टक्के आयकर कापून उर्वरित भाडे देते. १८ जुलै २०२२ पासून वस्तू व सेवा करासाठी नोंदणीकृत कंपनीने भाड्याने घेतलेल्या निवासी घरावर १८ टक्के कर लागतो. तो मालकाऐवजी कंपनी भरते.