महागाई वाढ (निवृत्तिवेतनावरील)

सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांना व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना मूळ निवृत्तिवेतनावर, वाढत्या किमतींच्या प्रमाणात मिळणारी जादा रक्कम. केंद्राच्या योजनेत तिला महागाई सवलत, तर महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत महागाई वाढ म्हणतात; पेन्शनर मंडळी सरसकट ‘डीए’ म्हणतात. केंद्रात तिचा दर १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. राज्याचा आदेश बहुधा काही महिन्यांनी निघतो आणि मधल्या काळाचा फरक नंतर हाती पडतो.

दर ठरतो तो श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. सातव्या वेतन आयोगाने २०१५ ची सरासरी, म्हणजे २६१.४२ (२००१=१००), हा पाया धरला. मागील बारा महिन्यांची सरासरी त्याहून जितके टक्के जास्त, तितका दर. अपूर्णांक सोडून देतात. २०१६ पायाभूत वर्षाची नवी मालिका आल्यापासून तिचा आकडा २.८८ ने गुणून जुन्या मालिकेत आणला जातो. समजा नव्या मालिकेची सरासरी १४४ आली, तर गुणाकार ४१४.७२ होतो, वाढ ५८.६४ टक्के ठरते आणि मंजूर होतात ५८ टक्के. जुलै २०२५ पासून केंद्राचा दर एवढाच होता.

बातमीत ‘डीए तीन टक्क्यांनी वाढला’ असे येते तेव्हा पुष्कळांचा गैरसमज होतो. दर नेहमी मूळ निवृत्तिवेतनावर लागतो, आधीच्या वाढीसह झालेल्या रकमेवर नाही. ३०,००० रुपये मूळ असलेल्याला ५५ टक्क्यांनी एकूण ४६,५०० मिळत होते, ५८ टक्क्यांनी ४७,४०० मिळू लागले. प्रत्यक्ष वाढ दोन टक्क्यांहूनही थोडी कमी. अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे) घेतलेल्यांना मात्र एक दिलासा आहे: विकलेला भाग दरमहा वजा होत असला तरी महागाई वाढ कपातीपूर्वीच्या पूर्ण मूळ रकमेवर मिळते. वरील उदाहरणात ४० टक्के भाग विकला असेल तर १८,००० अधिक १७,४०० रुपये हाती येतात.

ही भरपाई मागाहूनची आहे, हे विसरता कामा नये. किमती आधी चढतात, सरासरी नंतर निघते, आदेश त्याहून उशिरा. शिवाय निर्देशांकाची टोपली कामगार कुटुंबाची आहे. नव्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांना ३९.१७ टक्के भार आहे. ज्या घरात दोन वृद्ध माणसे आणि औषधांचे मोठे बिल आहे, त्या घराची महागाई या आकड्यात पुरती उतरत नाही. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यापासून केंद्राच्या निवृत्तिवेतनात २० टक्के आणि पुढे वयानुसार वाढत जाणारी अतिरिक्त रक्कम मिळते. तिचा आधार मोठा, पण ती महागाई वाढीचा भाग नव्हे.

ही वाढ थांबवताही येते, हे २०२० मध्ये दिसले. कोविडचे कारण देऊन केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ चे तीन हप्ते गोठवले. दर अठरा महिने १७ टक्क्यांवर राहिला, जुलै २०२१ पासून तो एकदम २८ झाला, पण मधला फरक दिला गेला नाही. सहा-सहा महिने अनुक्रमे ४, ७ आणि ११ टक्के बुडाले, म्हणजे प्रत्येकाचे मूळ निवृत्तिवेतनाच्या १.३२ पट नुकसान झाले; ३०,००० रुपयेवाल्याचे ३९,६००. त्या काळात मरण पावलेल्यांना पुढचा वाढीव दर पाहायलाही मिळाला नाही. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात सांगितले होते. महागाई वाढीलाही तोच न्याय लागायला हवा.

सर्वच निवृत्तांना हे संरक्षण नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील (केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेले) कर्मचारी विमा कंपनीच्या वार्षिकीवर अवलंबून असतात आणि त्या वार्षिकीला महागाई वाढ जोडलेली नसते. केंद्राच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत ती पुन्हा आली आहे. सर्वांत उघड्यावर आहेत ते कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ चे सभासद: कारखान्यांतून, महामंडळांतून, सहकारी संस्थांतून निवृत्त झालेले. त्यांच्या निवृत्तिवेतनाला निर्देशांकाची जोड नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान रक्कम १,००० रुपये ठरली आणि पुढच्या दहा वर्षांत ती वाढली नाही. किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मिळावा, या मागणीसाठी बुलढाण्यात या निवृत्तांनी दीर्घकाळ साखळी उपोषण केले.