हायस्कुलांतील दुसरी वाट

हायस्कूल संपल्यावर मुलानें काय करावें, हा प्रश्न आपल्या घरोघर दरवर्षीं उभा राहतो. तो नवा आहे असें मात्र कोणी समजूं नये.

१८८२ सालीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें शिक्षण कमिशन नेमलें. त्यापुढें पुण्याहून जोतीराव फुले यांनीं निवेदन धाडलें. चालू शिक्षण व्यवहाराच्या उपयोगाचें नाहीं, तें मुलास स्वतंत्रपणें पोट भरण्यास समर्थ करीत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. कमिशननेंहि हायस्कुलाच्या वरच्या वर्गांना दोन फाटे फोडावे अशी शिफारस केली: एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापारधंद्याकडे. पण दुसऱ्या वाटेनें फारसें कोणी गेलें नाहीं. कॉलेज आणि सरकारी नोकरी हीं दोन्हीं दारें मॅट्रिकच्याच किल्लीनें उघडत. मग आपला मुलगा आडवाटेला कोण लावणार?

१९३७ च्या वर्धा परिषदेनें ही चूक ओळखली. तिनें हस्तोद्योगासाठीं निराळा फाटा न काढतां तो सर्वच मुलांच्या शिक्षणाच्या मध्यभागीं ठेविला. तिची योजना पहिल्या सात वर्षांपुरती होती. माध्यमिक शाळांसाठीं तोच धागा १९६४–६६ च्या कोठारी आयोगानें ‘कार्यानुभव’ या नांवानें उचलला. पण पुष्कळ शाळांत त्याचा आठवड्यांतील एखादा तास झाला आणि कागदी फुलांवर भागलें.

या इतिहासाचा बोध एवढाच. काम शिकण्याची वाट वेगळी काढली कीं ती मागें पडलेल्यांची समजली जाते. ती राजमार्गांतूनच गेली पाहिजे. आणि तिला मान द्यावयाचा कीं नाहीं, हें कमिशनें नव्हे, आपण आईबाप ठरवितों.